तीन दिवसांत ५१५ किलो चटणीच्या ऑर्डरी आणि मी एकटी: सगळं प्रकरण आकड्यांसकट

आमच्या सांगली-साताऱ्याकडं ज्याला चटणी म्हणतात त्याला पुण्या-मुंबईकडं कांदा लसूण मसाला म्हणतात, हे आधीच सांगते म्हणजे पुढं गोंधळ नको. मी सांगलीत विश्रामबागला राहते, आठ वर्षं घरूनच चटणी करून विकते, एकटी. नवरा चाकणला कंपनीत, रविवारी येतो, आणि लेक तेव्हा दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसलेली. मे २०२४ मध्ये एका रीलमुळं माझ्यावर जी वेळ आली ती लिहून काढतेय, कारण नंतर मला दोघी-तिघींचे असेच फोन आले, त्यातली एक तासगावची लोणचंवाली होती, तिच्या आवाजात जी घाबरगुंडी होती ती मला ओळखीची वाटली. प्रत्येकीला तासतासभर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहिते.

आधी माझं काम कसं चालायचं ते. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी चवीला, थोडी लवंगी तिखटाला. मिरचीचे देठ काढायचे, कडकडीत ऊन द्यायचं, कांदा उभा चिरून वाळवून तळायचा, खोबरं, तीळ, धने, दगडफूल, नाकेश्वर, सगळा गरम मसाला वेगवेगळा भाजायचा आणि मग गल्लीतल्या डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटून आणायचं. डंकावरच, कारण गिरणीत दळली की चटणी तापते आणि रंग उतरतो. १२ किलोची एक बॅच निघायला मला दोन दिवस लागायचे, म्हणजे दिवसाला ६ किलो. सीझनला महिन्याला ५०-६० किलो जायची, एरवी २०-२५. भाव ६४० रुपये किलो, पोस्टेज वेगळं ८० रुपये. अन्न परवान्याचं साधं रजिस्ट्रेशन होतं, १४ आकडी नंबर पाकिटावर छापलेला, तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आत धंदा असला की तेवढं पुरायचं.

आणि एक गोष्ट होती जी मला तेव्हा फार हुशारीची वाटलेली. व्हॉट्सॲप बिझनेसला मी ग्रीटिंग मेसेज लावून ठेवला होता. नवीन माणसानं मेसेज केला की त्याला आपोआप भाव जायचा, पोस्टेज जायचं आणि शेवटची ओळ, "या नंबरवर गुगल पे करून स्क्रीनशॉट आणि पत्ता पाठवा." दिवसाला दोन-चार नवीन लोक यायचे तोवर हे सोन्यासारखं चाललं.

११ मे, शनिवार. लोकसभेचं मतदान होऊन चारच दिवस झालेले. कोथरूडच्या माझ्या एका जुन्या गिऱ्हाईक ताईंनी त्यांच्या मुलाची रील टाकली, गरम ज्वारीची भाकरी, चटणीवर शेंगतेलाची धार, हातानं फोडलेला कांदा आणि पहिल्या घासाला त्या पोराचा चेहरा. बस्स, २२ सेकंद. खाली कॅप्शनमध्ये माझा नंबर. त्यांनी अगदी प्रेमानं केलं होतं, आजही माझं त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही.

रविवारी सकाळी उठले तर ३४० मेसेज. मला आनंद झाला, खूप झाला, नवऱ्याला उठवून फोन दाखवला. दुपारपर्यंत मी एकेकाला हाताने उत्तर देत होते, "हो ताई, पाठवते", "हो दादा, गुरुवारपर्यंत निघेल". संध्याकाळी फोन गरम होऊन बंद पडला. सोमवारी मी चटणी केलीच नाही, दिवसभर फोनवर, आणि मला वाटत होतं मी काम करतेय. मंगळवारी रात्री लेक म्हणाली, आई, तू नुसती हो हो म्हणतेयस, किती झालं ते तरी बघू. ती वही घेऊन बसली आणि मी बँकेचं स्टेटमेंट उघडलं. ४१२ लोकांचे पैसे आलेले. एकूण ५१५ किलो. खात्यात ३ लाख ६२ हजार.

एवढे पैसे मी आयुष्यात एकरकमी बघितले नव्हते. मग लेकीनं गॅसच्या पावतीच्या मागं भागाकार केला, ५१५ ला ६ नं. ८६ दिवस. म्हणजे ऑगस्ट उजाडणार, आणि ऊन तर जेमतेम जूनच्या सुरुवातीपर्यंत. पावसाळ्यात कांदा वाळत नाही, मिरची पुन्हा मऊ पडते. मी तिथं स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसले आणि मला कळलं की खात्यात दिसतायत ते पैसे माझे नाहीतच, ती ४१२ घरांची उधारी आहे. आपण उधारी म्हटलं की दुसऱ्याकडून यायची धरतो, ही उलटी होती, आणि मी झोपलेली असताना माझा तो ग्रीटिंग मेसेज ती वाढवत होता. रात्री साडेअकरालासुद्धा दोन पेमेंट आली.

तासगावच्या ताईंना मी पहिलं हेच सांगितलं, की उत्तरं देणं, माल करणं सगळं थांबव आणि आधी पैसे यायचं दार बंद कर. मी त्या रात्री ग्रीटिंग मेसेजमधून गुगल पेची ओळ काढली आणि तिथं लिहिलं, "सध्या नवीन ऑर्डर बंद आहे, कृपया पैसे पाठवू नका, नाव आणि गाव पाठवून ठेवा, उरलं तर कळवेन." कोथरूडच्या ताईंना फोन करून कॅप्शनमधला नंबर काढायला सांगितला आणि कमेंटमध्ये वरती तेच वाक्य पिन करायला लावलं. रील काढून टाका म्हणाले नाही, त्यात त्यांच्या पोराचा आनंद होता, आणि नंबर गेला की पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी नवीन पेमेंट ७ आली, तिसऱ्या दिवशी एकही नाही. ती ७ त्याच दिवशी परत केली.

मग ताळा घ्यायचं काम. स्क्रीनशॉट होते ४४३ आणि बँकेत जमा ४१२. म्हणजे ३१ चा फरक. त्यात काहींचं पेमेंट अडकून त्यांच्याच खात्यात परत गेलेलं, त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं. आणि काही सरळसरळ खोटे, जुन्या स्क्रीनशॉटवर तारीख बदललेली. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला १२ आकडी नंबर असतो, तो स्टेटमेंटमध्येही येतो. आम्ही दोघींनी तो एकेक नंबर जुळवला, दीड दिवस गेला. मिळाला नाही त्याला नम्रपणे विचारलं, "तुमचा १२ आकडी नंबर पाठवता का," खरे होते त्यांनी पाठवला, बाकीचे गप्प झाले. स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे हे तेव्हापासून मी पाळते. त्याच आठवड्यात माझे फोटो उचलून कोणीतरी दुसरं पेज काढलं आणि त्यावर पैसे घ्यायला सुरुवात केली, एका बाईंनी मला फोन करून झापलं तेव्हा कळलं. त्यांना १९३० ला सायबरची तक्रार करायला लावली, ओळखीच्या पन्नासएक जणांकडून ते पेज रिपोर्ट करवलं, दोन दिवसांत गेलं.

बुधवारी सीएंकडं गेले, माझ्या भावाच्या ओळखीचे. त्यांनी यादी बघून पहिला प्रश्न विचारला, महाराष्ट्राबाहेरच्या किती? ५८ होत्या. बेंगळुरू, हैदराबाद, सुरत, गोवा, बेळगाव. ते म्हणाले, मालाचा धंदा ४० लाखांच्या आत असला तर जीएसटी नंबर लागत नाही हे खरं, पण माल दुसऱ्या राज्यात विकायचा म्हटलं की ती सूट राहत नाही, पहिल्या पाकिटापासून नंबर लागतो. मला हे माहीत नव्हतं. आधी वर्षाकाठी एखादं पाकीट गोव्याला गेलं असेल, ते मी कबूल केलं. नंबर काढायचा तर कागदपत्रं, वेळ, मग दर तिमाहीला रिटर्न. त्या गडबडीत मला ते पेलणारं नव्हतं. म्हणून ५८ जणांचे पैसे परत. बेळगावच्या एका काकूंचा फोन आला, "अगं पैसे कशाला परत पाठवलीस, आम्ही काय परदेशात आहोत का?" आणि मला खरंच उत्तर सुचेना, बेळगाव आम्हाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. त्यांचं नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं.

राहिले ३५४. त्यांना पाठवलेला मेसेज इथं तसाच देते, कारण तो लिहायला मला तीन तास लागले आणि पहिल्या चार वेळा मी माफीच मागत बसले होते, कामाचं काहीच नव्हतं त्यात.

"नमस्कार, मी सांगलीची चटणीवाली. तुमचे पैसे मिळाले. मी एकटी चटणी करते, एका दिवसात होते थोडी आणि ऑर्डर आल्यात खूप. तुमचं पाकीट साधारण अमुक तारखेच्या आठवड्यात निघेल. थांबायचं असेल तर १ लिहा. आत्ता अर्धा किलोच चालत असेल तर २ लिहा, अर्धा लवकर पाठवते आणि बाकीचे पैसे परत. सगळे पैसे परत हवे असतील तर ३ लिहा, कारण विचारणार नाही."

यातला "अमुक" प्रत्येकाला खरा आठवडा घालून पाठवला, पैसे आल्याच्या क्रमानं. ब्रॉडकास्ट वापरता आला नाही, तो ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह आहे त्यांनाच पोचतो, आणि ही तर सगळी नवीन माणसं. एकेक कॉपी पेस्ट. ३८ जणांनी ३ लिहिलं, ७१ जणांनी २ आणि २४५ जणांनी १. मी धरून चालले होते की अर्धेअधिक पैसे मागतील. एका दादांनी लिहिलं, तारीख दिलीत ना ताई, मग झालं. उत्तर न देणारे वीसेक होते त्यांना फोन केले, ते आकडे यातच धरलेत.

आता पैसे परत करणं ऐकायला सोपं वाटतं. माझ्या बँकेच्या यूपीआयवर दिवसाला २० च्या वर व्यवहार होईनात. बाहेरचे ५८, हे ३८ आणि अर्ध्यावाले ७१, मिळून १६७ जण. भावानं त्याच्या खात्यावरून केले, नवऱ्यानं त्याच्या, तरी पाच दिवस लागले, आणि त्या पाच दिवसांत दोघांनी मला फसवी म्हटलं. ते शब्द लागले मला. पण माणूस बिनओळखीच्या बाईला पैसे पाठवून बसलाय, त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. उरलेले पैसे मी दुसऱ्या खात्यात टाकले, आणि ठरवलं की त्यातून फक्त मिरची, खोबरं, पाकिटं. लेकीचा निकाल २७ मेला लागला, तिला त्या पैशातून ड्रेस घेतला नाही, जूनच्या शेवटी घेतला. तिला सांगितलं होतं आणि तिला पटलंही.

करायची होती ३४५ किलो. आता ६ किलोवर चालणार नव्हतं. मला वाटत होतं माझं घोडं डंकावर अडतंय, म्हणून मी आधी डंकवाल्या दादांकडं गेले की मला रोज दोन तास राखून ठेवा. ते म्हणाले, राखतो, पण तुम्ही आणणार काय कुटायला? तेव्हा डोक्यात उजेड पडला. अडत होतं ते देठ काढण्यात, लसूण सोलण्यात, आणि सगळ्यात जास्त उन्हात. मग कामाचा क्रमच फिरवला. रोज थोडं वाळव, थोडं कूट हे बंद, आधी सगळी वाळवण उरकायची. मार्केट यार्डातून १७० किलो मिरची एकदम आणली, अडत्या अण्णांनी जुन्या ओळखीवर भाव लावून दिला. शेजारच्या तीन घरांच्या गच्च्या मागितल्या. गल्लीतल्या चौघी जणी देठ काढायला आणि लसूण सोलायला बसल्या, किलोवर मजुरी ठरवली आणि रोजची रोज संध्याकाळी हातात दिली. मिरची हाताला लागते म्हणून आधी बोटांना तेल चोळायचं, तरी रात्री हात पेटायचे, ताकाच्या पातेल्यात हात बुडवून आम्ही पाचजणी ओळीनं बसायचो. भाजणं, तळणं आणि शेवटचं मिसळणं मात्र कुणाला दिलं नाही. खोबरं कुठल्या रंगावर काढायचं हे मला सांगता येत नाही, दिसलं की कळतं.

आणि तरी एक बॅच बिघडलीच. एका संध्याकाळी वळीव आला, कांदा गोळा करेपर्यंत कडेची दोन चादरं भिजली. दुसऱ्या दिवशी ऊन दिलं, हाताला कोरडा लागला, आणि यादी समोर असल्यामुळं मी तो तळून घातला. २२ किलो चटणी झाली. रंग छान, वास छान. पाचव्या दिवशी एक पाकीट सहज हातात घेतलं, चटणी दोन बोटांत दाबली, तर तिचा गोळा झाला आणि तो तसाच राहिला. चांगली चटणी दाबली की गोळा होतो पण टिचकी मारली की फुटतो, हा फुटेना. नाकाजवळ नेला तर मागून ओलसर, बंद खोलीसारखा वास. बुरशी दिसत नव्हती, पण येणार होती. त्या बॅचची ९ पाकिटं आधीच गेली होती.

सासूबाई म्हणाल्या, फ्रीजमध्ये ठेवा म्हणून कळव, चालतंय. मी नाही केलं तसं. ९ जणांना फोन करून सांगितलं, ती चटणी वापरू नका, दुसरी पाठवतेय, पैसे लागणार नाहीत. बाकीची सगळी खड्ड्यात पुरली, गेटच्या मागं. माझं साडेआठ हजारांचं नुकसान झालं आणि दोन दिवस मागं पडले, दोन्ही मी यादीतल्या पुढच्या लोकांना स्वतःहून कळवलं. तेव्हापासून प्रत्येक बॅचचं एक पाकीट घरी राहतं, बॅच नंबर लिहून, आणि चार दिवस बघितल्याशिवाय ती बॅच हलत नाही.

पॅकिंगचंही असंच. आधी दोन-चार पाकिटं जायची तेव्हा एकाच पाऊचमध्ये जायची, पण यावेळी एका कुरिअरनं पाठवलेली सहा पाकिटं तेलानं माखून पोचली, एकांच्या तर चेकबुकच्या लिफाफ्याला डाग लागला. भांडून उपयोग नव्हता, सीलच कच्चं होतं माझं. मग मी एक परीक्षा लावली. पाकीट वर्तमानपत्रावर आडवं ठेवायचं, वर पाटा ठेवायचा, रात्रभर. सकाळी कागदावर लाल कडं उमटलं तर सील परत. पहिल्या रात्री पाचातली तीन फुटली. जाड पाऊच, दोनदा सील, आत अजून एक पिशवी असं करत चौथ्या रात्री कागद कोरा निघाला. पुढं सगळं स्पीड पोस्टानं. पोस्टातल्या काउंटरवरच्या मॅडमनीच सांगितलं की तीस पार्सल घेऊन रांगेत उभं राहू नका, पिनकोडप्रमाणे यादी करून दुपारी तीननंतर आणा. रांगेतलं दोन तासांचं उभं राहणं वाचलं.

याच काळात दोघांनी मला मशीन घ्यायला सुचवलं. स्वतःचा डंक, पॅकिंग मशीन, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के सबसिडी मिळते, संधी आलीय. योजना खरी होती, चांगली होती, मी तिच्या विरोधात नव्हते. पण कर्ज पाच-सात वर्षांचं आणि माझ्याकडं पुरावा तीन दिवसांचा. मी म्हटलं, या लोकांतले किती परत मागवतात ते दिवाळीपर्यंत बघू. मेसेजचं म्हणाल तर मेअखेरीला ते दिवसाला १५ वर आले होते. मशीन आणलं असतं तर ते दारात उतरेपर्यंत रील विसरली गेली असती.

शेवटचं पाकीट १२ जूनला गेलं. वाळवण पाऊस यायच्या आत संपली होती, कुटणं पत्र्याखाली चाललं. ३१६ घरांत चटणी गेली. विक्री २ लाख २० हजार, त्यातून माल, मजुरी, डंक, पाकिटं, बिघडलेली बॅच आणि पोस्टेजला कमी पडलेले पाच हजार वजा जाता हातात राहिले ३५ हजारांच्या आसपास. एरवी मे महिन्यात बारा हजार राहतात. रोज चौदा तास, आणि महिनाभर गेला नाही असा खोकला. लोक विचारतात नशीब उघडलं ना, तर आकडा हा आहे.

दिवाळीपर्यंत ३१६ पैकी ७४ जणांनी परत मागवली. बिघडलेल्या बॅचच्या ९ पैकी ६ त्यात आहेत. त्या ७४ वर मी पुढचं गणित बांधलं. दोघी जणी आता सीझनला कायम येतात, महिन्याला ९० किलोची वही उघडते, वही भरली की बंद, आणि पैसे पाकीट तयार झाल्यावर घेते, आधी नाही. डंक अजून दादांचाच.

डिसेंबरमध्ये जीएसटी नंबर काढला. वहीच्या शेवटच्या पानावरच्या काकूंना फोन केला, त्यांनी आवाज ओळखला. त्या नंबरावर बाहेरच्या राज्यात पहिलं पार्सल बेळगावला गेलं, एक किलो, दोन पाकिटांत, रात्रभर पाट्याखाली ठेवून.